वेळेचा मालक कोण?

पुण्यातल्या एखाद्या कार्यालयात दोन लहान मुलांची आई असलेली एक कर्मचारी आपल्या वरिष्ठांकडे अर्ज करते. अर्जातील मागणी फार मोठी नसते. दुपारची सुट्टी अर्ध्या तासाने कमी करून संध्याकाळी तेवढे लवकर निघू द्यावे, किंवा आठवड्यातून दोन दिवस घरून काम करण्याची परवानगी असावी, एवढेच तिचे म्हणणे असते. पाळणाघर सात वाजता बंद होते, हिंजवडीहून धनकवडीला पोचायला दीड तास लागतो आणि सासूबाईंचे गुडघे आता नातवामागे धावण्याच्या अवस्थेत राहिलेले नाहीत, ही हकीकत ती अर्जात लिहीत नाही. लिहिली तर रडगाणे वाटेल अशी तिला भीती असते. अर्जाचा शेवट ‘परवानगी देऊन उपकृत करावे’ या शाळेपासून पाठ झालेल्या वाक्याने होतो. उत्तर लेखी येत नाही. वरिष्ठ तिला बोलावून घेतात, तिच्या कामाची स्तुती करतात आणि सांगतात, ‘तुमची अडचण समजते, पण तुम्हांला दिले तर उद्या सगळेच मागतील.’

या उत्तराकडे नीट पाहिले पाहिजे. मागणी अवास्तव आहे असे त्यात म्हटलेले नाही. काम बिघडेल, गिऱ्हाईक तुटेल, असेही म्हटलेले नाही. भीती एकाच गोष्टीची व्यक्त झाली आहे आणि ती म्हणजे सगळे मागतील याची. मालकवर्गाला ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्यातच बहुधा श्रमिकांच्या पुढच्या पावलाची दिशा असते. असे असूनही कामाच्या वेळेत सोय मागण्याच्या या प्रश्नाकडे कामगार चळवळीने आजवर पांढरपेशांची किरकोळ तक्रार म्हणूनच पाहिले. पगारवाढ, बोनस, कायम नोकरी हे खरे प्रश्न आणि घरचे जमवून घेण्याचा प्रश्न बाईचा खासगी, अशी वाटणी चळवळीच्या मनात नकळत होऊन बसली. ती वाटणी तपासून पाहण्याची वेळ आता आली आहे.

न मोजलेले तास

जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका बहुराष्ट्रीय लेखापरीक्षण संस्थेत काम करणारी २६ वर्षांची तरुण सनदी लेखापाल मरण पावली. नोकरीला लागून तिला अवघे चार महिने झाले होते. सप्टेंबरमध्ये तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना लिहिलेले पत्र प्रसिद्ध झाले आणि देशभर खळबळ उडाली. रात्री उशिरापर्यंत चालणारे काम, सुट्टीच्या दिवशीही न थांबणारे काम आणि ‘नाही’ म्हणायला न शिकलेली मुलगी यांविषयी त्या पत्रात एका आईने जे लिहिले, ते वाचून हजारो घरांतल्या आईवडिलांना आपल्याच मुलामुलींची दिनचर्या आठवली. मृत्यूचा संबंध कामाच्या ताणाशी होता हे संस्थेने मान्य केले नाही, आणि त्या प्रश्नाचा निवाडा येथे करण्याचे कारणही नाही. परंतु त्यानंतर राज्याच्या कामगार खात्याच्या अधिकाऱ्यांनी त्या कार्यालयाची पाहणी केली, तेव्हा ते कार्यालय दुकाने व आस्थापना कायद्याखालील नोंदणीशिवाय अनेक वर्षे चालत असल्याचे त्यांनी जाहीर केले. दिवसाला नऊ तास आणि आठवड्याला ४८ तास अशी मर्यादा घालणारा जो कायदा, त्याच्या दप्तरात हे कार्यालय मुळी अस्तित्वातच नव्हते.

तात्पर्य, प्रश्न केवळ जास्त तासांचा नाही. ते तास कोणी मोजतच नाही, हा प्रश्न आहे. गिरणीला भोंगा होता. भोंगा झाला की कामगार आत आणि भोंगा झाला की बाहेर. त्या भोंग्याची सक्ती जाचक होती यात शंका नाही, पण तिच्यात निदान दिवस संपल्याची ग्वाही होती. आजच्या कार्यालयातील कर्मचाऱ्याच्या खिशात फोन आहे आणि त्या फोनला दिवस संपल्याचे कळत नाही.

सूर्याने मोजलेला दिवस

कामाची वेळ ताणता येते ही गोष्ट मालकवर्गाला नव्याने उमगलेली नाही. मुंबईच्या पहिल्या गिरण्या सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चालत. हिवाळ्यात दिवस लहान म्हणून काम कमी आणि उन्हाळ्यात दिवस मोठा म्हणून काम जास्त. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्याचीही अडचण उरली नाही आणि कामाचा दिवस पंधरा तासांपर्यंत लांबला. विजेच्या दिव्याने गिरणी कामगारांचे जे केले तेच फोनने आणि संगणकाने आजच्या पगारदाराचे केले आहे. आज ज्याला ‘लवचिकता’ असे गोंडस नाव मिळाले आहे, ती मालकाच्या हातात पहिल्यापासून होतीच. ती कामगाराच्या हातात कधी आली नाही, एवढाच काय तो प्रश्न आहे.

या लांबत जाणाऱ्या दिवसाला पहिला अडसर घातला तो महात्मा फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र पुढे लोखंडे यांनी मुंबईत चालवले आणि त्याच्या जोरावर गिरणी कामगार संघटित केला. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगापुढे ठेवले. त्यातल्या मागण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. पगार महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत व्हावा. यांपैकी पहिल्या तीन मागण्या सरळसरळ वेळेच्या आहेत. रविवार हा जेजुरीच्या खंडोबाचा वार; घाटावरून आलेल्या कामगाराच्या घरी त्या दिवसाला जे स्थान होते ते लोखंडे यांनी ओळखले आणि मागणी तेथे नेऊन टेकवली.

ते निवेदनही विनंतीच्या भाषेत लिहिलेले होते. पारतंत्र्यातील कामगार आणखी कोणत्या भाषेत लिहिणार? परंतु त्या विनंतीखाली सही एकाची नव्हती. पाच-सहा वर्षे पाठपुरावा झाला. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली, ही गोष्ट त्या काळाच्या मानाने विलक्षण होती. अखेर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१ च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीवर शिक्कामोर्तब झाले. आज हिंजवडीतला अभियंता ज्या रविवारी सिंहगडावर जाऊन पिठले-भाकरी खातो, तो रविवार कोणा साहेबाने त्याच्या अर्जावर खूश होऊन दिलेला नाही.

पुढची पावलेही याच वाटेने पडली. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजेचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मातेची विश्रांती ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे अशी भूमिका घेऊन त्याला पाठिंबा दिला; १९२९ मध्ये तो कायदा झाला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ मध्ये त्यांनीच कारखान्यातील आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे दुरुस्ती विधेयक मांडले. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने ते कायम केले. यांतली एकही गोष्ट सवलत म्हणून राहिली नाही. सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो. हक्काचे तसे नसते, आणि म्हणूनच हक्क मिळवायला वर्षे लागतात.

‘परस्पर संमती’ नावाची पळवाट

आज या देशातील कायद्यात वेळेची सोय मागण्याचा हक्क कोठे आहे? तो शोधू गेल्यास एकच कोपरा सापडतो. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक झाले आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा मिळाली. त्याच दुरुस्तीत असेही म्हटले गेले की कामाचे स्वरूप तसे असेल, तर रजा संपल्यावर मालक त्या स्त्रीला घरून काम करू देऊ शकेल. किती काळ आणि कोणत्या अटींवर, ते दोघांनी परस्पर संमतीने ठरवावे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार कामगार संहिता लागू झाल्या, तेव्हा ही तरतूद सामाजिक सुरक्षा संहितेत जवळजवळ शब्दशः उतरली.

‘देऊ शकेल’ आणि ‘परस्पर संमती’ या दोन शब्दप्रयोगांत कायद्याचा सगळा जीव आहे, आणि तो फारसा बळकट नाही. देऊ शकेल याचा अर्थ नाकारूही शकेल. नाकारताना कारण देण्याचे बंधन नाही, मुदत नाही, दाद मागण्याची जागा नाही. परस्पर संमती ही समान बळाच्या दोघांत शक्य असते. एका बाजूला महिन्याचा पगार थांबला तर घराचा हप्ता चुकेल अशी बाई आणि दुसऱ्या बाजूला तिच्या जागी दुसरी नेमायला दोन दिवस न लागणारी कंपनी, यांच्यातल्या संमतीला संमती म्हणणे ही कायद्याने केलेली थट्टा आहे. शिवाय वडिलांचा, आजारी आईबापांची सेवा करणाऱ्या मुलाचा, अपंग कर्मचाऱ्याचा, नोकरी सांभाळून शिकणाऱ्याचा या तरतुदीत उल्लेखही नाही. मूल ही केवळ आईची जबाबदारी आहे हा जुना समज येथे कायद्याच्या भाषेत कायम झाला आहे.

हीच ‘संमती’ उलट बाजूने कशी वापरली जाते ते पाहण्यासारखे आहे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील कामाचा दिवस नऊ तासांवरून बारा तासांपर्यंत आणि दुकाने व आस्थापनांतील दिवस नऊवरून दहा तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. जादा कामाची तिमाही मर्यादा कारखान्यांत ११५ वरून आणि आस्थापनांत १२५ वरून १४४ तासांवर नेण्याचे ठरले. आठवड्याचे तास वाढणार नाहीत, जादा कामाला दुप्पट वेतन मिळेल आणि कामगाराची संमती घेतली जाईल, असे आश्वासन सोबत होतेच. मालकाला दिवस ताणायचा असला की त्याला मंत्रिमंडळाचा ठराव मिळतो. कामगाराला अर्धा तास सरकवायचा असला की त्याने ‘उपकृत करावे’ असे लिहायचे. लवचिकता दोन्हीकडे आहे, पण तिची दोरी एकाच हातात आहे.

हे अटळ आहे असे मात्र मानण्याचे कारण नाही. एप्रिल २०२३ मध्ये तमिळनाडूच्या विधानसभेने बारा तासांच्या दिवसाला वाट करून देणारे विधेयक मंजूर केले होते. कामगार संघटनांनी आणि सत्ताधारी पक्षाच्या डाव्या मित्रपक्षांनी कडाडून विरोध केला. काही दिवसांतच ते स्थगित झाले आणि १ मे रोजी ते मागे घेतल्याची घोषणा खुद्द मुख्यमंत्र्यांना करावी लागली. महाराष्ट्रात तसे घडले नाही. याचे उत्तर सरकारला विचारण्याआधी चळवळीने स्वतःला विचारले पाहिजे.

घड्याळामागचे घर

दिवस लांबवण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांत उद्योगपती आघाडीवर आहेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे सांगितले. ज्या इन्फोसिसचे ते संस्थापक, ती कंपनी १९८१ मध्ये पुण्यातच स्थापन झाली होती. पुढे जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांच्या आठवड्याची भलावण करणारे बोलणे बाहेर आले. या मंडळींनी स्वतः कष्ट केले असतील, त्याबद्दल वाद नाही. परंतु स्वतःच्या कंपनीसाठी राबणारा संस्थापक आणि दुसऱ्याच्या नफ्यासाठी राबणारा नोकरदार यांचे तास एकाच मापाने मोजता येत नाहीत. त्याहून महत्त्वाचे असे की ७० तास घराबाहेर घालवणाऱ्या पुरुषाचे जेवण, कपडे, मुले आणि म्हातारे आईबाप कोणी तरी सांभाळत असते. त्या कोणाचे तास या हिशेबात धरलेले नसतात.

ते तास सरकारने मोजले आहेत. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात घालवतात, तर घरकामात हात घालणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे स्त्रीची जवळपास पाच तासांची एक पाळी घरात आधीच भरलेली असते. तिच्यावर कार्यालयाची नऊ तासांची आणि प्रवासाची तीन तासांची भर पडली की उरते काय, याचा हिशेब करायला अर्थशास्त्र लागत नाही. अशा वेळी वेळेची सोय मागण्याचा अर्ज बहुतेक बाईच का करते, हेही यातून कळते. आणि तो फेटाळला गेल्यावर नोकरी सोडतेही तीच. घरातल्या पुरुषाने तोच अर्ज केला असता तर कार्यालयात हसे झाले असते. समतेची भाषणे देऊन रात्री उशिरा घरी पोचणाऱ्या आणि झाकलेले ताट उघडून बसणाऱ्या कार्यकर्त्यांनीही या आकड्यांत आपला वाटा शोधावा.

ही साखळी येथे संपत नाही. पुण्यातील नोकरदार स्त्री आपला वेळ कसाबसा जमवते तो घरकामगार स्त्रीच्या वेळेवर. सकाळी सातला पोळ्या, नऊला दुसऱ्या घरची भांडी, दुपारी तिसऱ्या घरचे मूल अशा क्रमाने जनता वसाहतीतील वा येरवड्यातील बाईचा दिवस दुसऱ्यांच्या घड्याळांवर चालतो. तिने खाडा केला की चार घरांचा दिवस कोलमडतो, आणि तरीही खाड्याचे पैसे कापले जातात. या पुणे शहरातच १९८० मध्ये घरकामगार स्त्रियांनी उत्स्फूर्त संप केला होता. आजारपणात रजा घेतलेल्या एका बाईला कामावरून काढले, एवढे निमित्त त्याला पुरले. त्या लढ्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. कागदाचा अर्ज लिहिण्याची सोय नसलेल्या बायकांनी रजेचा प्रश्न एकत्र येऊन रस्त्यावर आणला आणि मध्यमवर्गाला पहिल्यांदा तो ऐकावा लागला. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ मध्ये. घरकामगारांना आठवड्यातून सलग २४ तास विश्रांती असावी असे सांगणारा आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा करार २०११ सालचा आहे; भारताने त्याला अद्याप मान्यता दिलेली नाही.

म्हणून कार्यालयातल्या बाईला मिळालेली सोय जर घरच्या कामवालीला आणखी एक तास थांबवून भागवली जाणार असेल, तर तिला सुधारणा म्हणता येणार नाही. तो ओझ्याचा खांदेपालट झाला. एकीला पाच वाजता निघण्याचा हक्क आणि दुसरीला आठवड्याची भरपगारी सुट्टी, या दोन मागण्या एकाच पत्रकात छापल्या पाहिजेत.

घरून काम : जुना अनुभव

करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये पुण्यातील माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचे काम काही दिवसांत घराघरांत गेले. वर्षानुवर्षे ‘शक्य नाही’ म्हणून नाकारलेली गोष्ट मालकाला गरज पडताच शक्य झाली. या अनुभवावरून घरून काम म्हणजे मुक्ती, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांना विचारले तर त्या सांगतील की घरून काम ही नवलाई नाही. पाने आणि तंबाखू घरी आणायची, स्वयंपाक आणि मुले सांभाळत विड्या वळायच्या आणि हजारी मापाने कारखान्यात नेऊन द्यायच्या. जागा तिची, दिवा तिचा, पाठदुखी तिची, आणि खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे नुकसानही तिचेच. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी विड्या वळणाऱ्या स्त्रीला कामगार मानले, पण तिचे तास मोजणे कोणाला साधले नाही. लॅपटॉपवर काम करणाऱ्याची स्थिती पगाराने वेगळी असली तरी तासांच्या बाबतीत त्याच दिशेने चालली आहे. म्हणून काम कोठून करावे याची मोकळीक आणि काम केव्हा थांबावे याची मर्यादा, या दोन्ही गोष्टी बरोबरच मागितल्या पाहिजेत. एक सुटी घेतली तर ती दुसरीचा गळा घोटते.

इतर देशांत हा प्रश्न कसा सोडवला जात आहे, हे पाहिले तर मागणी किती साधी आहे ते ध्यानात येते. ब्रिटनमध्ये एप्रिल २००३ पासून लहान मुलांच्या पालकांना कामाच्या वेळेत बदल मागण्याचा कायदेशीर हक्क मिळाला. २०१४ मध्ये तो सर्व कर्मचाऱ्यांना लागू झाला, मात्र सहा महिन्यांच्या नोकरीची अट राहिली. ६ एप्रिल २०२४ पासून तीही गेली. वर्षातून दोनदा अर्ज करता येतो, मालकाने दोन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि नाकारण्यापूर्वी कर्मचाऱ्याशी चर्चा करून कायद्यात नमूद केलेल्या कारणांपैकी कारण दाखवावे लागते. मालकाचा नकाराधिकार तेथेही शाबूत आहे, त्यामुळे त्याला आदर्श म्हणता येणार नाही. पण ‘सगळेच मागतील’ हे तेथे नकाराचे कारण होऊ शकत नाही. कामाची वेळ संपल्यावर फोन न घेण्याचा हक्क फ्रान्सने २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४ पासून मान्य केला. आपल्याकडे त्याच आशयाचे अशासकीय विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी डिसेंबर २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत मांडले. अशा विधेयकांच्या वाट्याला सहसा जे येते ते सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्यामागे रस्त्यावरचे बळ उभे राहिल्याखेरीज ती दप्तरातच राहतात.

एकट्याचा अर्ज, सर्वांची मागणी

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, ज्या देशात बहुसंख्यांना नोकरीच नाही तेथे वेळेची सोय मागणे ही चैन आहे. हाच आक्षेप १८८४ मध्ये रविवारच्या सुट्टीलाही घेता आला असता. कामाचे तास आवरले म्हणजे तेच काम अधिक हातांत वाटावे लागते, म्हणून बेकारांचा आणि बारा तास राबणाऱ्यांचा प्रश्न परस्परविरोधी नाही. दुसरा आक्षेप असा की, कारखान्याच्या पट्ट्यावर किंवा रुग्णालयाच्या पाळीत प्रत्येकाला हवी ती वेळ कशी देणार? ती देता येणार नाही हे खरे. पण पाळीपत्रक आठ दिवस आधी लावणे, पाळ्यांची आपसांत अदलाबदल करू देणे, लहान मुलांच्या आईबापांना रात्रपाळीतून काही काळ मुक्त ठेवणे, यांत अशक्य असे काही नाही. महाराष्ट्र सरकारने रोजची वेळ पाऊण तासाने वाढवून २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या कार्यालयांत पाच दिवसांचा आठवडा लागू केला. कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी ती मागणी वर्षानुवर्षे लावून धरली होती. मांडणी बदलता येते, बदलायला भाग पाडावे लागते.

तेव्हा मागायचे काय, ते स्पष्ट असावे. स्त्री-पुरुष भेद न करता प्रत्येक कर्मचाऱ्याला वेळेत वा जागेत बदल मागण्याचा कायदेशीर हक्क. ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर. नकाराची लेखी कारणे आणि त्यावर दाद मागण्यासाठी कर्मचाऱ्यांचे निवडून दिलेले प्रतिनिधी असलेली समिती. अर्ज केल्याबद्दल बढती रोखली वा नोकरी गेली तर मालकाला दंड. घरून होणाऱ्या कामाचेही तास मोजण्याची सक्ती. आणि वेळ संपल्यानंतरच्या कामाला दुप्पट मोबदला. नव्या संहितेत पर्यवेक्षकाच्या नावाखाली महिना १८ हजारांहून अधिक पगार घेणाऱ्यांना ‘कामगार’ या व्याख्येबाहेर ठेवले आहे. पुण्यातील कार्यालयांत हुद्द्याने पर्यवेक्षक आणि प्रत्यक्षात हरकाम्या असलेले हजारो लोक आहेत, त्यांना व्याख्येत घेण्याची मागणीही यातच यावी. पाळणाघर केवळ ५० जणांच्या कंपनीत असून भागणार नाही. महापालिकेने प्रत्येक प्रभागात, कामगार वस्त्यांपासून सुरुवात करून, रात्री आठपर्यंत चालणारे पाळणाघर उघडले पाहिजे. तेथे सोसायटीतले मूल आणि सोसायटीत भांडी घासणाऱ्या बाईचे मूल शेजारी शेजारी झोपेल.

हे काम कोणी करायचे? माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात आता संघटनेची सुरुवात झाली आहे. पुण्यातून चालणाऱ्या ‘नायटेस’सारख्या संघटना कर्मचाऱ्यांच्या तक्रारी सरकारदरबारी नेत आहेत. परंतु हिंजवडीच्या बसथांब्यावर उभ्या असलेल्या तरुणाला आपण कामगार आहोत असे अजून वाटत नाही आणि पिंपरीच्या कारखान्यातील जुन्या कार्यकर्त्याला हा तरुण कामगार आहे असे वाटत नाही. ही दुहेरी समजूत मोडण्याचे काम पक्षाच्या कार्यकर्त्यांचे आहे. शाखेने आपल्या वस्तीतील नोकरदार स्त्री-पुरुषांची आणि घरकामगारांची एकत्र बैठक घ्यावी. त्यांनी आजवर कोणते अर्ज केले आणि त्यांना काय उत्तर मिळाले, ते लिहून काढावे. ज्यांनी अर्ज केलाच नाही, त्यांनी तो का केला नाही, हेही लिहावे. अशी पन्नास टिपणे एकत्र झाली की ते पुण्याच्या श्रमिकांचे निवेदन होईल, आणि त्याखाली एकीची सही असणार नाही.

त्या वरिष्ठ अधिकाऱ्याचे म्हणणे खरे ठरावे, एवढीच अपेक्षा आहे. उद्या सगळ्यांनी मागावे.